नवं मीठ

आमच्याकडे मोटार आली ती स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी. ठाण्यातल्या एका गिरणीचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची मोटार बाबांनी घेतली. लढाईच्या आधीची, काळी, उंच, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या असलेली. आम्ही कळव्याचे मिठागरवाले. मिठागरवाल्याला मोटार कशाला हवी, असं सगळ्या गावाला वाटलं, आणि आईने ते तोंडावर सांगितलं. मीठ होडीतून जातं, माणूस पायांनी जातो, मग हे मधलंच काय आणलंत, असं तिने विचारलं. बाबा हसले नाहीत. आवडत्या वस्तूची थट्टा त्यांना खपायची नाही. त्या दिवसापासून आईने मोटारीला नावं ठेवायची आणि बाबांनी ती पुसत बसायचं, असं सुरू झालं. दोघांचा एकमेकांवर किती जीव आहे हे मला त्या भांडणावरून कळायचं.

दोन-तीन वर्षांनी आईच्या मणक्यात क्षय निघाला. आधी पाठ दुखायची, मग वाकता येईना, मग उठता येईना. माझं तेव्हा एकोणिसावं चाललेलं. सातवी पास होते, घरात मी एकटीच, ना भाऊ ना बहीण. मला पाहायला आलेली दोन स्थळं आम्हीच परत पाठवली, कारण आईचं कोण करणार हा प्रश्न होता. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते आईच्या पाठीचं. पडून पडून कमरेच्या वर दोन्हीकडे जखमा झाल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ मी त्या कोमट पाण्याने धुवायची, पावडर लावायची, स्वच्छ मऊ कापड घालायची. ती तोंडात पदराचा बोळा धरायची आणि मी गावातल्या कुचाळक्या सांगत हात चालवायची. कोणाच्या सुनेने काय केलं हे ऐकताना तिचं अर्धं लक्ष तिकडे जायचं.

एकदा बाबांनी तिला मोटारीत घालून ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. येताना रस्त्याच्या खाचखळग्यांत मोटार अशी आदळली की आई ओरडली. माझी आई ओरडणारी बाई नव्हती. बाबांनी मोटार थांबवली आणि स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहिले. घरी आल्यावर आई म्हणाली, आता मला यात परत घालू नका. ती हे चिडून म्हणाली असती तर बाबांना चाललं असतं. ती हळूच म्हणाली.

त्याच वर्षी माझ्या मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. मामा मानपाड्याला, आणि ती त्याची एकुलती एक. आमच्या लोकांत लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गातात. भटजी नंतर, आधी ती गाणी म्हणणारी धवलारीण. तिने गायल्याशिवाय मुलीला हळद लागत नाही. धवलारणीच्या शेजारी बसून साथ करणाऱ्या बायकांत आईचा आवाज साऱ्या पंचक्रोशीत माहीत होता. भाची पाळण्यात होती तेव्हाच आईने भावजयीला सांगून ठेवलं होतं की हिच्या हळदीला मी गाणार. लग्न वैशाखात धरलं. आईने तोंडाने काही मागितलं नाही, पण दुपारी डोळे मिटून ती ओठ हलवायची. धवला म्हणून बघायची, कुठली ओळ विसरली तर मागे जाऊन पुन्हा धरायची. बाबांनी ते दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते खोपटला गेले आणि गादीवाल्या मिस्त्रींना घेऊनच आले.

मिस्त्री किरकोळ अंगाचे, पानाने रंगलेल्या दातांचे. मोटारींच्या गाद्या, टप, दारांची रबरं हेच त्यांचं काम. त्यांनी मोटारीखाली आडवं होऊन बॅटरी मारली आणि तिथूनच बोलायला लागले. मोटारीची बॉडी खालच्या सांगाड्यावर नुसती ठेवलेली नसते, मध्ये रबराचे ठोकळे असतात, धक्का ते खातात. आमचे ठोकळे दगड झाले होते. दारांचं रबर बोट लावलं की काळा भुगा होऊन पडत होतं. गादीतला काथ्या एका बाजूला गोळा झाला होता आणि स्प्रिंगा वर येऊन टोचत होत्या. बाबांनी विचारलं, बायको झोपून जाईल, तिला धक्का बसणार नाही असं होईल का? मिस्त्री बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "बसणारच नाही असं मी कशाला म्हणू? पण पाण्याचा भरला तांब्या ठेवलात तर सांडणार नाही, एवढं करून देतो."

चार दिवस ते आमच्या अंगणात काम करत होते. रबराचे ठोकळे नवे घातले, पुढची डावीकडची सीट काढून टाकली आणि तिथपासून मागपर्यंत एक फळी बसवून सलग लांब गादी केली. खाली नव्या स्प्रिंगा, त्यावर पिंजलेला काथ्या, त्यावर फोम. फोम तेव्हा नवा निघाला होता. मिस्त्री त्याला स्पंज म्हणायचे, आणि त्याची लादी त्यांनी मुंबईहून आणली होती. मी ती दाबून बघितली. बोट रुतायचं आणि सोडलं की जागा पुन्हा वर यायची. आईला मी त्याचा एक तुकडा नेऊन दिला. ती तो दिवसभर मुठीत दाबत होती. मोटारीतली एखादी गोष्ट तिला पहिल्यांदाच आवडली होती. वरून रेक्झिन लावायला मिस्त्री तयार नव्हते. रेक्झिन तापतं, आजारी माणसाच्या पाठीला सोसणार नाही म्हणाले, आणि जाड सुती ड्रिल लावलं.

जाताना त्यांनी मला एक काम सांगितलं. बाबा तेव्हा मिठागरात होते. पावसाआधी मीठ उचलायचं असतं, वैशाखात बाबा दुपारी घरी जेवायला सुद्धा येत नसत. मिस्त्री म्हणाले, काथ्या नवा आहे, बसला पाहिजे, नाहीतर पहिल्याच प्रवासात उंचसखल होईल आणि आईला टोचेल. गादीवर सगळीकडे सारखं वजन पडेल अशा सुक्या रेतीच्या गोण्या ठेवायच्या आणि आठ दिवस हलवायच्या नाहीत. आठव्या दिवशी ते दारांची रबरं घेऊन यायचे होते. लग्नाला बारा दिवस होते.

रेती मुंब्र्याच्या खाडीवरून आणायची म्हणजे दोन दिवस जाणार. आणि रेती म्हणजे माती. आमच्या दारावरून गडी मिठाच्या गोण्या घेऊन जात होते. मीठ म्हणजे आमच्याकडे लक्ष्मी. नव्या घरात पहिलं मीठ जातं, बाळाची दृष्ट मिठाने निघते, सांडलेल्या मिठावर आमच्याकडे कोणी पाय देत नाही. ज्या गादीवर माझी आजारी आई झोपणार तिच्यावर आधी रेती का ठेवायची? लक्ष्मीच बसू दे. मी गड्यांना थांबवलं आणि बारा गोण्या मोटारीत लावून घेतल्या. स्वतःवर मी फार खूश होते.

आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगायला मला इतकी वर्षं लागली. जुनं मीठ आणि नवं मीठ यांत फरक असतो. जुनं, वर्षभर गोदामात राहिलेलं मीठ कोरडं असतं. आगरातून नुकतं ओढलेलं नवं मीठ वरून पांढरं शुभ्र दिसतं, पण आत पाणी धरून असतं. ते कडू पाणी महिनोन् महिने पाझरत राहतं. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. कोणी मीठ म्हटलं की बाबांचा पहिला प्रश्न, नवं की जुनं? जुन्याच्या गोदामाची किल्ली बाबांच्या कमरेला होती आणि बाबा खाडीच्या त्या टोकाला. दारावरून जात होतं ते नवं. मी गादीवर गोणपाट दुहेरी घातलं आणि म्हटलं, आठ दिवसांनी काय होतंय. संध्याकाळी बाबा आले, त्यांनी गोण्या पाहिल्या. तिन्हीसांजेच्या उजेडात त्यांना एवढंच दिसलं की पोरीने रेतीऐवजी मीठ ठेवलं आहे. आईच्या खाटेपाशी जाऊन ते म्हणाले, पोरीला अक्कल आहे. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. रोज विचारणारा माणूस, त्या दिवशीच नाही.

आठव्या दिवशी सकाळी गोण्या उतरवल्या. खालचं गोणपाट जड झालं होतं. गादीवर मोठमोठे काळपट डाग होते, हात लावला तर ओल. मी बोट जिभेला लावलं. मग दारं उघडून मोटार उन्हात ढकलून घेतली आणि दुपारपर्यंत तिथेच उभी राहिले. ड्रिल वाळलं. वर पांढरी साय धरली होती, ती मी ब्रशने झाडली, ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा वाळवली. मिस्त्री आले, त्यांनी चारी कोपरे दाबले आणि काथ्या छान बसला म्हणाले. त्यांनी दाबून पाहायचं होतं, चाखून नाही. बाबांनी विचारलं, कापडाचा रंग उतरल्यासारखा का दिसतो? मी म्हटलं, धूळ होती, मी धुतलं.

तेव्हा बोलले असते तर गादी पुन्हा उसवावी लागली असती. काथ्या नवा, फोम नवा, मुंबईची फेरी, आणि लग्न चार दिवसांवर. आई गेली नसती. पुढे कित्येक वर्षं मी हेच स्वतःला सांगत होते की आई जावी म्हणून मी गप्प राहिले. त्यात थोडं खरं आहे. बाकीचं खरं हे की पोरीला अक्कल आहे हे वाक्य मला परत द्यायचं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. चार बायकांनी चादरीची झोळी करून आईला उचललं आणि गादीवर अलगद ठेवलं. खाली एक गोधडी होती. मी पायाशी बसले. बाबांनी मोटार अशी चालवली की बैलगाडीवाले आम्हाला मागे टाकून जात होते. मुंब्र्याच्या डोंगराखालचा रस्ता वाईट होता, पण मिस्त्रींचा शब्द खरा ठरला. खड्डा आला की मोटार खाली जायची आणि हळूच वर यायची, आदळायची म्हणून नाही. बाबांची मान सरळ झाली होती. मागून बघून सुद्धा मला कळत होतं की ते खूश आहेत.

ऊन चढलं. आईला घाम फुटला, गोधडी भिजली. मुंब्रा मागे पडलं आणि तिने माझा हात धरला. मग तो इतका आवळला की तिची नखं रुतली. मी विचारलं, दुखतं का? तिने मान हलवली, नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ मिटलेले होते. बाबांनी पुढे बघतच विचारलं, "धक्का बसतो का गो?"

आई म्हणाली, "नाय वो. फुलावर झोपल्यासारी हाय."

शीळच्या फाट्यावर बाबांनी मोटार सावलीला उभी केली, आईला पाणी पाजलं, आणि तिचे डोळे पाहून त्यांचेही भरून आले. त्यांना वाटलं, माहेरी चालली म्हणून रडते आहे. मलाही तसंच वाटलं, असं मी आज म्हणू शकले असते तर किती बरं झालं असतं.

मानपाड्याला मांडवात तिची खाट ठेवली. धवलारणीने तिचा हात हातात घेतला आणि धवला सुरू केला. आईने दोन ओळी म्हटल्या. आवाज होता तसाच होता, गोड आणि थोडा जाड. तिसऱ्या ओळीला तिचा श्वास तुटला. तिने पुन्हा धरायचा प्रयत्न केला, पुन्हा तुटला. मग ती नुसतीच पडून राहिली. सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, आत्याला भरून आलं म्हणत होत्या. भाचीने हळदीचं बोट आणून तिच्या कपाळाला लावलं.

नंतर मी तिला आतल्या खोलीत घेऊन दार लावलं आणि पाठ उघडली. जखमांच्या कडा लालभडक झाल्या होत्या, सगळी पाठ सोलवटली होती. कापड काढलं तर त्याच्या काठाला पांढरी कणी लागली होती. मला हात पुढे करवेना. आई कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. ती म्हणाली, "बाय, गादीत मीठ हाय ना?"

मी हो म्हटलं.

"बाबांना सांगू नको. त्यांनी माझ्यासाठी केलंय."

मी रडायला लागले तर तिने मला गप्प केलं, बाहेर ऐकू जाईल म्हणून. माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी फेडल्यासारखं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि परत निघायची वेळ आली. मी म्हटलं, बैलगाडीने जाऊ. आई म्हणाली, का म्हणून विचारतील. त्याच गादीवर झोपून ती परत आली. एवढंच केलं की मामाच्या परसातून केळीची मोठी पानं कापून आणली आणि गोधडीखाली अंथरली. बाबांना सांगितलं, थंड असतात. पानांनी ओल वर येऊ दिली नाही. येताना तिने माझा हात नुसता धरला, आवळला नाही. इतकं सोपं होतं ते. आदल्या दिवशी सकाळी आमच्याही परसात केळी होत्या.

भाद्रपदात आई गेली. डॉक्टर म्हणाले, क्षय वर चढला. मिठाने ती गेली नाही, हे मला माहीत आहे, आणि कोणी मला तसं समजावलं तर मी उठून जाते. तिची दोन ओळींनंतर तुटलेली तिसरी ओळ माझ्यामुळे तुटली, एवढं पुरे आहे.

बाबांनी मोटार विकली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मोटारीपाशी नेत, दार उघडून गादीवर हात ठेवत आणि सांगत, पोरीच्या आईला माहेरी नेलं ना, ती म्हणाली फुलावर झोपल्यासारी हाय. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी तिच्यासाठी पुरी केली, असं त्यांना वाटायचं. मी आत जाऊन काहीतरी काम काढायची.

पावसाळा आला की मिठाची ती गादी हवेतली ओल ओढायची. जून ते सप्टेंबर कापड ओलं. बाबांना वाटायचं, मोटार ठेवतो त्या पडवीचं छप्पर गळतं. दरवर्षी वैशाखात ते शिडी लावून वर चढायचे आणि मोटारीवरची कौलं फिरवायचे. तरी पुढच्या पावसात गादी ओली. मग त्यांनी खाली पत्रा मारला. साठीला आलेला माणूस, एकदा वरून घसरून त्यांचा गुडघा सुजला. शिडी मी धरायची. खालून वर बघत शिडी धरून उभी राहायची आणि बोलायची नाही.

सहा वर्षं अशी गेली. दारांची रबरं पुन्हा सुटली आणि गादी मधोमध बसली, तेव्हा बाबांनी खोपटहून त्याच मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी ड्रिल उसवलं. फोमचा पिवळा चुरा झाला होता. काथ्या कुजून काळा झाला होता. स्प्रिंगा हातात घेताच तुटल्या, आणि सगळ्यावर पांढरे बारीक खडे होते. मिस्त्री चक्रावले. इतक्या वर्षांत अशी गादी पाहिली नाही म्हणाले, खाडीचा वारा लागतो तुम्हाला, दुसरं काय.

बाबा खाली बसले. त्यांनी स्प्रिंगेवरचा एक खडा नखाने काढला आणि जिभेवर ठेवला. बराच वेळ तो त्यांनी तसाच तोंडात धरला. मग वर छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नवं व्हतं का?"

मी म्हटलं, "हो."

"तिला कळलेलं?"

"हो. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

ते उठले आणि आगराकडे निघून गेले. मिस्त्रींना काही कळलं नाही, ते काथ्या उपसत राहिले. मी अंगणात तशीच उभी होते. त्या दिवशी बाबा संध्याकाळी आले, जेवले, झोपले. ना त्या दिवशी, ना पुढे कधी त्यांनी मला एका शब्दाने विचारलं. वैशाख आला तेव्हा शिडी तेवढी काढली नाही.

दिवाळीनंतर मामा आला. नवी गादी पाहून तो म्हणाला, बदललीत वाटतं. मी आत चहा गाळत होते. माझा हात थांबला. मग बाबांचा आवाज आला, नेहमीसारखा, पण आत मला ऐकू जावा इतका मोठा.

"जुनी बसली व्हती. पन तुझ्या बहिणीला तिच्यावरच फुलासारी आनलेली. ती गादी पोरीनं बसवलेली. पोरीला अक्कल हाय."